धूर कोठें गेला?

न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यांत एक डोंगर आहे, त्या डोंगरावर धूर आहे, आणि त्या धुरावरून तेथें अग्नि असला पाहिजे असें अनुमान काढणारा एक माणूस आहे. जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति त्या माणसाला कोठून कळली असें विचारलें, तर शास्त्रकार स्वयंपाकघराकडे बोट दाखवितात. डोंगर दूरचा, स्वयंपाकघर घरांतलें. घरांत रोज पाहिलेल्या गोष्टीवरून दूरची न पाहिलेली गोष्ट ओळखावयाची, हें त्या दृष्टांताचें मर्म. पंचवीस वर्षें कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवितांना मीं हा दृष्टांत पुष्कळ वेळां सांगितला आहे. परंतु अलीकडे तो सांगतांना मी अडखळतों. समोर बसलेल्या मुलांपैकीं बहुतेकांनीं आपल्या स्वयंपाकघरांत धूर कधीं पाहिलेलाच नसतो. आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरांत तर आतां ज्वाळाहि उरलेली नाहीं.

गेल्या वर्षीं आम्हीं भाईंदरला एका नव्या इमारतींत घर घेतलें. या इमारतींत गॅसची नळी मुळीं घातलेलीच नाहीं. अन्न शिजतें तें कांचेच्या पाठीच्या विजेच्या शेगडीवर, आणि स्नानाचें पाणी तापतें तेंहि विजेवरच. अशा घराला 'सर्वविद्युत' म्हणावयास हरकत नाहीं. विकणाऱ्यांनीं आपल्या पत्रकांत त्याला 'निर्धूम घर' असें अधिक गोड नांव दिलें होतें. तें नांव मला आवडलें होतें, हें मी कबूल करतों. आलेल्यागेलेल्याला ती शेगडी दाखवितांना आपण कांहीं तरी पुण्यकृत्य केलें आहे असाहि भाव माझ्या बोलण्यांत येत असे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच भाव आहे.

सर्वविद्युत इमारतींचा विचार आज जगांतील पुष्कळ नगरसभांपुढें आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत बर्कले हें विद्यापीठाचें शहर आहे. तेथील नगरसभेनें २०१९ मध्यें नव्या इमारतींत इंधनवायूच्या नळ्या घालण्यास मनाई केली. अशी मनाई करणारें तें त्या देशांतील पहिलें शहर होय. उपाहारगृहवाल्यांची संस्था न्यायालयांत गेली, २०२३ मध्यें अपील-न्यायालयाचा निकाल नगरसभेच्या विरुद्ध झाला, आणि २०२४ मध्यें तिला तो नियम सोडून द्यावा लागला. न्यूयॉर्क शहरानें २०२१ मध्यें याच दिशेचा कायदा निराळ्या रीतीनें केला. परंतु दंडाचा मार्ग एकदां खडतर ठरला कीं शासनकर्ते दामाकडे वळतात, हा राजनीतीचा जुना क्रम आहे. मनाई करण्यापेक्षां उत्तेजन द्यावें: अनुदान द्यावें, करांत सूट द्यावी, बांधणाऱ्याला थोडें अधिक बांधूं द्यावें, म्हणजे तो आपण होऊन चांगलें बांधील, असा हा विचार आहे.

आपल्याकडेहि त्याचें एक रूप आहे. महाराष्ट्र सरकारची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्यें अंमलांत आली. तिच्यांत 'हरित' ठरलेल्या इमारतीस, तिला मिळालेल्या श्रेणीप्रमाणें, मूळ चटई-क्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के अधिक क्षेत्र बक्षीस मिळतें. ही नियमावली गॅसला मनाई करीत नाहीं. ऊर्जा, पाणी, कचरा, उजेड या सर्वांचा मिळून ती हिशेब करते. तथापि चांगलें बांधणाऱ्याला कांहीं अधिक द्यावें हें तत्त्व तिनें निःसंशय स्वीकारलें आहे. मीरा-भाईंदरला ती लागू आहे. बृहन्मुंबई, गिरिस्थानें, आणि केंद्र सरकारनें पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील अथवा नाजूक म्हणून जाहीर केलेले प्रदेश मात्र तिच्यांतून वगळलेले आहेत. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें असा नाजूक ठरलेला एक प्रदेश म्हणजे डहाणू तालुका. भाईंदरला पोंचणारें बक्षीस डहाणूच्या अलीकडेच थांबतें तें असें. वगळण्याचा हेतु रक्षणाचा आहे, हें मी जाणतों. जेथें अधिक बांधकाम हेंच संकट, तेथें अधिक बांधण्याची परवानगी हें बक्षीस होऊं शकत नाहीं. तरी ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम आहे.

डहाणूला आमच्या वडिलांची चिकूची लहानशी वाडी आहे. ती सांभाळणारे वारली गृहस्थ माझ्याहून दहाबारा वर्षांनीं वडील आहेत. लहानपणीं झाडावर चढावयास मला त्यांनींच शिकविलें. मी त्यांना दादा म्हणतों. ते मला, मी प्रोफेसर झाल्यापासून, मास्तर म्हणतात. गेल्या हिवाळ्यांत ते चिकूंची पाटी घेऊन भाईंदरला आले. माझी पत्नी चहा ठेवीत होती. दादा स्वयंपाकघराच्या दारांत उभे राहून पाहूं लागले. मीं नेहमींप्रमाणें शेगडीचें कौतुक सुरू केलें. त्यांनीं तळहात कांचेजवळ नेऊन पाहिला, भांड्यांतलें उकळतें पाणी पाहिलें, छताकडे पाहिलें, आणि विचारलें, "मग धूर कुठं गेला, मास्तर?"

"धूर होतच नाहीं, दादा," मीं म्हटलें.

"अस्सं," ते म्हणाले. आणि चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनें परत गेले. गाडींतून उतरून घरीं पोंचेपर्यंत त्यांना एक उंच धुराडें दिसलें असेल, हें माझ्या लक्षांत आलें तें रात्रीं अंथरुणावर पडल्यावर.

डहाणूच्या खाडीजवळ ५०० मेगावॅट शक्तीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. अडीचशें-अडीचशें मेगावॅटचे त्याचे दोन संच १९९५ मध्यें सुरू झाले. त्याचें धुराडें सुमारें २७५ मीटर उंच आहे. तें बांधलें तें डहाणूसाठीं नव्हे; मुंबईच्या उपनगरांसाठीं. ज्या वितरण-व्यवस्थेची वीज वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत येते, तिच्यासाठींच तें केंद्र उभारलें गेलें. विजेच्या प्रवाहावर तिचें जन्मगांव लिहिलेलें नसतें, आणि माझ्या शेगडींत येणारी वीज अमुक कोळशाचीच असें कोणी सांगूं शकणार नाहीं, हें खरें. परंतु आपल्या देशांतील विजेचा फार मोठा भाग अद्याप दगडी कोळशावर होतो. आणि माझ्या बाबतींत तर कोळशाची जागा नकाशावर दाखवितां येते. तेथें माझ्या वडिलांची वाडी आहे.

येथें पुन्हां न्यायशास्त्र आठवतें. अग्नि असूनहि धूर नाहीं, याचें उदाहरण म्हणून शास्त्रकारांनीं तापलेला लोखंडाचा गोळा दिला आहे. धूर व्हावयास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. गोळ्यांत तो नाहीं, म्हणून धूर नाहीं. उदाहरण निर्दोष आहे. परंतु तो गोळा तापला कोठें, हें शास्त्रकारांनीं विचारलें नाहीं. त्यांना तें विचारण्याचें कारणहि नव्हतें. लोखंड आपण होऊन तापत नाहीं. कोठें तरी लोहाराची भट्टी असते आणि तिच्यापुढें कोणी तरी खोकत बसलेला असतो. माझी शेगडी हा तसला गोळा आहे.

कोणी म्हणेल कीं हें भावनेचें बोलणें झालें. आंकडे काय सांगतात? स्थूल हिशेब असा. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो. तो जळला म्हणजे सुमारें ४२ किलो कर्बवायु हवेंत जातो. तेवढाच स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करावयास सुमारें १२० युनिटें लागतात, आणि आपल्या देशाच्या वीजजाळ्यांत एका युनिटामागें सरासरी सातशें ग्रॅमच्या आसपास कर्बवायु निघतो. म्हणजे ८४ किलो. कोळशांतील उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांशच विजेंत उतरते. बाकीची समुद्राला आणि आकाशाला जाते. अर्थात् आजच्या घटकेला माझें निर्धूम स्वयंपाकघर शेजारच्या गॅसवाल्या स्वयंपाकघराच्या दुप्पट कर्बवायु, कोठें तरी दूर, सोडीत आहे. आमच्या कोंकणपट्टींत घर तापविण्याचा प्रश्न नाहीं. थंड देशांत घरे तापविण्यास जो इंधनवायु जळतो तो वांचविण्याचा लाभ आपणांस मिळत नाहीं. तेव्हां तिकडचें पुण्य जसेंच्या तसें इकडे आणून चालणार नाहीं.

परंतु येथेंच थांबलें तर तेंहि अर्धसत्य होईल. माझ्या आईनें चुलीपुढें तीस वर्षें काढलीं. पावसाळ्यांत लांकडें ओलीं असत. हातांत फुंकणी, डोळ्यांत पाणी, आणि छातींत खोकला, असें तिचें चित्र माझ्या मनांत कायमचें आहे. गॅस आला त्या दिवशीं तिनें शेगडीला हळदकुंकू वाहिलें. घरांतला धूर बाहेर जाणें ही लहान गोष्ट आहे असें ज्याला वाटतें, त्यानें चूल फुंकलेली नाहीं. शिवाय, इमारत ही पन्नास-साठ वर्षांची वस्तु आहे. गॅसच्या नळींतून पन्नास वर्षांनींहि गॅसच येणार, आणि त्याचा मोठा भाग आपण परदेशांतून आणतों. तारेंतून मात्र आज कोळशाची वीज येते, उद्यां सूर्याची किंवा वाऱ्याची येऊं शकेल. तार तटस्थ आहे. आज लावलेल्या तारेचें पुण्य आज मिळालें नाहीं म्हणून ती लावूं नये, असें म्हणणें शहाणपणाचें नव्हे.

आणखी एक गोष्ट या पक्षाच्या बाजूनें सांगितली पाहिजे. लाख चुलींचा धूर कोणाला आवरतां येत नाहीं. एका धुराड्याचा आवरतां येतो. डहाणूचा इतिहास याला साक्ष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १९९६ मध्यें डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणानें १९९९ मध्यें वीजकेंद्राला धुरांतील गंधकवायु काढून टाकणारें यंत्र बसविण्याचा आदेश दिला. तें यंत्र चालूं झालें २००७ मध्यें. या दोन सालांकडे वाचकांनीं पाहावें. धूर एका ठिकाणीं गोळा केला म्हणजे त्याला जाब विचारतां येतो, हें त्यांवरून सिद्ध होतें. आणि जाब विचारल्यावर उत्तर यावयास आठ वर्षें लागतात, हेंहि सिद्ध होतें. तींहि केव्हां? न्यायालय पाठीशीं, निस्पृह न्यायमूर्ति पुढें, आणि बागाईतदार मागें ठाम उभे, तेव्हां. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें देशांतील सर्व औष्णिक केंद्रांना गंधकवायूची मर्यादा घालून दिली. आणि जुलै २०२५ मध्यें त्यांतील बहुतेक केंद्रांना तें यंत्र बसविण्यापासून सूट दिली. ज्या गांवांना धर्माधिकारी मिळाले नाहींत, त्यांच्या आकाशांतील धुराचा जाब कोण विचारणार?

आतां मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊं. सत्कृत्याबद्दल बक्षीस घ्यावें काय? निष्काम कर्माचा उपदेश ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला हा प्रश्न लगेच टोंचतो. कर्तव्य तें कर्तव्य. त्याची किंमत घेतली कीं तें व्यापार होतें, असें आपण म्हणतों. मला हें मत थोडें कठोर वाटतें. साधारण संसारी माणसाला चांगल्या वाटेवर आणण्यासाठीं समाजानें थोडी मदत केली, तर त्यांत अधर्म नाहीं. मुलाला पाठांतराबद्दल खाऊ दिल्यानें विद्या बाटत नाहीं. खाऊ कोणाच्या डब्यांतून काढला, हा खरा प्रश्न आहे.

तीन किंवा पांच टक्के अधिक बांधकाम हें सरकारी खजिन्यांतून येत नाहीं. तें येतें त्याच रस्त्याच्या रुंदींतून, त्याच जलवाहिनीच्या पाण्यांतून, शेजारच्या घराच्या उजेडांतून. तें मिळतें बांधणाऱ्याला. त्याच्या मागोमाग, किंमतींत थोडें फार कांहीं उतरलें तर, माझ्यासारख्या घेणाऱ्याला. म्हणजे ज्याला नवें घर बांधतां किंवा घेतां येतें त्यालाच हें बक्षीस आहे. ज्याच्या डोक्यावर धुराडें आहे, आणि ज्याचें घर कुडाचें आहे, त्याच्यासाठीं या व्यवस्थेंत जागाच नाहीं. बक्षीस, भरपाई आणि फेड या तीन निराळ्या गोष्टी आहेत. चांगलें केल्याबद्दल मिळतें तें बक्षीस. सोसल्याबद्दल मिळते ती भरपाई. घेतलेलें परत करावयाचें ती फेड. सर्वविद्युत घर घेणाऱ्या मनुष्याला आपण बक्षिसास पात्र आहों असें वाटतें. माझ्या मतें तो, निदान आज, ऋणको आहे.

डहाणूला लागून, गुजरातच्या सीमेवर, तलासरी तालुका आहे. त्या तालुक्यांतील झरी गांवीं २३ मे १९४५ रोजीं हजारों वारली जमले, आणि जमीनदाराकडे वेठ करणार नाहीं असा त्यांनीं निर्धार केला. गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभा यांनीं चालविलेला तो लढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. वेठींतला मोठा अन्याय मजुरी न देण्याचा, असें आपण समजतों. तो अन्याय होताच. पण त्याच्या मुळाशीं दुसरा होता. वेठीला बोलावतांना कोणी विचारीत नसे. शेत दुसऱ्याचें, पीक दुसऱ्याचें, पाठ मात्र वारल्याची. आणि ती पाठ धरलेलीच आहे असें धनी गृहीत धरी. आज पाठीची वेठ गेली. परंतु उजेड एकाच्या घरांत, अन्न एकाच्या ताटांत, आणि धूर, राख व तापलेलें पाणी दुसऱ्याच्या गांवांत, आणि त्याविषयीं त्या गांवाला कोणी विचारलें नाहीं, या व्यवस्थेला वेठ हा शब्द लावल्यास तो फार ओढून ताणून आणलेला ठरणार नाहीं.

याच तलासरी-डहाणूच्या पट्टींत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. त्यांतले मोठे धक्के चार प्रतीच्या वर होते. घरांच्या भिंतींना भेगा गेल्या, आणि ऐन थंडींत माणसें मुलांबाळांसह उघड्यावर, तंबूंत निजूं लागलीं. 'नवी इमारत' या शब्दांचा अर्थ तेथें आपल्या अर्थाहून निराळा आहे. रात्रीं आंत निजतां येईल अशी भिंत, एवढाच तो अर्थ आहे. छतावर सूर्याची वीज करण्यासाठीं केंद्र सरकारची योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. योजना चांगली आहे. पण तिला प्रथम छत लागतें, आणि संचाचें ओझें पेलणारें छत लागतें. कौल आणि कूड यांवर सूर्य पडतो. अनुदान पडत नाहीं.

यावर उपाय काय, असें विचारणारास मी इतकेंच सांगेन. उत्तेजन बंद करूं नये. त्याचा हिशेब पुरा करावा. जी इमारत निर्धूम म्हणून अधिक क्षेत्र मागते, तिनें आपली वीज कोठून येते हें सांगावें, आणि ती कोळशाची असेल तोंवर बक्षिसाच्या क्षेत्रावर होणाऱ्या लाभाचा एक वांटा त्या कोळशाच्या गांवांत खर्च व्हावा. धक्का सोसणारीं घरें, त्या घरांवर सूर्याचे संच, आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांतून चुलीचा धूर हटविणें: कामें शोधावयास दूर जावें लागणार नाहीं. आणि नवा संच, नवी वाहिनी, नवी राखेची जागा ठरवितांना त्या गांवाला आधीं विचारावें. पैसे दिल्यानें विचारण्याचें कर्तव्य संपत नाहीं. मजुरी देऊन घेतलेलें कामहि, न विचारतां घेतलें तर, अर्धी वेठच असतें.

हें सर्व लिहितांना मी विजेच्या शेगडीवरचाच चहा पीत आहें, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. घर विकून पुन्हां चूल मांडावी असें मला वाटत नाहीं. त्यानें दादांच्या डोक्यावरचा धूर कमी होणार नाहीं, आणि माझ्या पत्नीच्या छातींत मात्र जाईल. परंतु आलेल्याला शेगडी दाखवितांना पूर्वीं जो सूर लागत असे, तो आतां लागत नाहीं. ऋणकोनें ऋण मान्य करावें, ही फेडीची पहिली पायरी आहे. ती शेवटची समजूं नये, एवढें मी स्वतःला बजावीत असतों.

मे महिन्याच्या सुट्टींत डहाणूला गेलों तेव्हां दादांना मुद्दाम सांगितलें, "तुम्हीं विचारलें होतें ना, धूर कुठें जातो? तो इकडेच येतो, दादा. तुमच्याकडे." आम्ही वाडीच्या कुंपणाशीं उभे होतों, झाडांच्या शेंड्यांवरून धुराडें दिसत होतें.

दादांनीं तिकडे पाहिलेंहि नाहीं. "मला माहीत हाय, मास्तर," ते म्हणाले. "तुम्हांला माहीत हाय का, तेवढंच विचारलं होतं."